सरांचा कॅमेरा आणि पुरातले निगेटिव्ह

सर (ए-२०२): सर्वांना नमस्कार. जरा सल्ला हवाय. माझ्याकडं निकॉन एफएम२ आहे, १९८८ साली घेतलेला. अजून एक नंबर चालतो. पण मागचा रोल धुवायला दिला तो दीड महिन्यानं हातात आला आणि सहा फ्रेमवर आडवा ओरखडा. मी देतो तिथं आता नुसता रोल घेतात, धुवायला बाहेरगावी पाठवतात. त्यामुळं डिजिटल एसएलआर घ्यावा असं चाललंय मनात. लेन्स चार आहेत: २८, ५०, ५५ मायक्रो (जवळचं बारीक काढायची) आणि १०५ मिमी. त्या नव्या कॅमेऱ्याला चालतील का?

वहिनी (सी-२०३): सर, तुम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनाला काढलेला आमचा फोटो अजून आहे माझ्याकडं 🙏

भाऊ (बी-४०१): सर, आता डीएसएलआर कशाला घेताय? मिररलेस घ्या सरळ, आत आरसा नाही, काचेऐवजी छोटा पडदा. निकॉनचा झेड माउंट (लेन्स अडकवायची कडी) २०१८ पासून आलाय, मध्ये एफटीझेड ॲडाप्टर लावला की तुमच्या चारही लेन्स बसतात.

फोटो दादा (सी-१०१): सर, कुठलीही बॉडी बघायच्या आधी एक काम करा. लेन्स हातात घ्या आणि ॲपर्चरच्या, म्हणजे उजेडाचं भोक लहानमोठं करायच्या रिंगवर बघा. आकड्यांची एकच ओळ आहे, का खाली बारीक आकड्यांची अजून एक आहे?

सर (ए-२०२): थांब, चष्मा आणतो.

सर (ए-२०२): चारही लेन्सवर दोन ओळी आहेत. खालची भिंग लावून वाचली.

फोटो दादा (सी-१०१): मग लेन्सचा प्रश्न मिटला. दोन ओळी म्हणजे एआय लेन्स, १९७७ पासून पुढच्या. त्याआधीची जुनी असती तर काही बॉडींना लावताना माउंटजवळचा बारका खटका मोडायची भीती होती. लेन्सचं ॲपर्चर कॅमेऱ्याला कळतं ते त्या खटक्यानं. निकॉनचा माउंट १९५९ पासून तोच आहे, त्यामुळं लेन्स बसते. पण लेन्स बसणं निराळं आणि उजेड मोजणारं मीटर चालणं निराळं. डी३००० आणि डी५००० च्या घराण्यातल्या बॉडीला तुमची १०५ बसेल, फोटो निघेल, मीटर मात्र बंद. डी७०००, डी७१००, डी७२०० ला तो खटका आहे. मेनूत जाऊन नॉन-सीपीयू, म्हणजे चिप नसलेल्या लेन्सची माहिती एकदा भरायची, फोकल लेंग्थ आणि सगळ्यात मोठं ॲपर्चर, की मीटर चालू. डी७५०० नवा म्हणून दुकानदार तोच पुढं करतील. २०१७ चा आहे तो, पण त्यातनं हा खटका काढून टाकलाय. तुमच्या लेन्सला तो उपयोगाचा नाही.

काका (ए-१०१): एवढं बारीक कुणी सांगत नाही बघा दुकानात.

सर (ए-२०२): म्हणजे डी७२०० घेऊ?

फोटो दादा (सी-१०१): तुम्ही २८ नं काय काय काढता ते आधी सांगा.

सर (ए-२०२): हरिपूरची पेवं, हळद साठवायची जमिनीतली. पेवाचं तोंड उघडून वारा लागू देतात, मग माणूस आत उतरतो. काठावर पोटावर झोपून वरनं काढायचं. २८ लावली की पेवाचं तोंड, काठावर उभी असलेली माणसं आणि आतल्या माणसाचं वर बघणारं तोंड, सगळं एका चौकटीत येतं. ३५ नं येत नाही, करून बघितलंय.

फोटो दादा (सी-१०१): तेच म्हणायचं होतं. डी७२०० चा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान. दीडपटीचा हिशेब. तुमची २८ तिथं ४२ सारखी दिसणार, ५० ची ७५ होणार. १०५ ला फायदा आहे, पण पेवाचा फोटो गेला. तुम्हाला फुल फ्रेमच लागणार सर, फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर. डी६१० नाहीतर डी७५०. दोन्हीला खटका आहे, दोन्ही २४ मेगापिक्सेल. सेकंडहँड बघू. घेताना शटर काउंट विचारायचा, आजवर किती क्लिक झाले तो आकडा. डी७५० च्या शटरची चाचणी दीड लाख क्लिकची आहे. लग्नातनं फिरलेली बॉडी असली तर आकडा बघूनच हात लावायचा. मी येतो तुमच्याबरोबर, एकटे जाऊ नका.

भाऊ (बी-४०१): दादा, झेडला पण फुल फ्रेम आहे की. आणि मॅन्युअल फोकसला व्ह्यूफाइंडरमध्येच झूम करून बघता येतं. सरांचं वय बघता तेच बरं नाही का?

फोटो दादा (सी-१०१): भाऊ, फोकसचं तुझं बरोबर आहे, ते मी मान्य करतो. एफएम२ च्या काचेत मधोमध जी तुटक प्रतिमा जुळवतो ती डिजिटल एसएलआरमध्ये नसते. नुसता एक हिरवा ठिपका लागतो कोपऱ्यात, त्यावर भरवसा ठेवायला शिकायला लागतं. ठरवायचं ते सरांनी ठरवावं.

सर (ए-२०२): मला काचेतनं खरं दिसलेलं बघायची सवय आहे रे. पडद्यावर बघून चित्र काढल्यासारखं होतं ते. डीएसएलआरच घेऊ.

सेक्रेटरी: सूचना. उद्या टाकी धुवायची आहे. पाणी सकाळी ८ पर्यंतच येईल. सर्वांनी भरून ठेवावे.

काकू (बी-१०२): सर, ते पेवाचे फोटो आहेत का अजून? गावभागातल्या घरात होते ना तुमच्या?

सर (ए-२०२): फोटो गेले सगळे. निगेटिव्ह आहेत, निम्म्याच्या वर. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही मिरजेला बहिणीकडं. घरात शिरलो तेव्हा कपाटात चिखलाचा थर, निगेटिव्हच्या फायली फुगलेल्या. घरच्यांनी चांगल्या मनानं काही फायली तशाच गच्चीवर उन्हात टाकल्या. त्या वाळल्या आणि पट्ट्या प्लॅस्टिकला चिकटल्या त्या चिकटल्याच. ओढलं की फिल्मवरचा थरच निघून यायचा. ते बघितलं आणि उरलेल्या मी वाळूच दिल्या नाहीत. टँकरचं पाणी बादलीत घेऊन त्यात बुडवून ठेवल्या. मग एकेक पट्टी बाहेर काढायची, दोन्ही कडांना धरून दुसऱ्या बादलीत हलवायची, तिसऱ्या बादलीत हलवायची. बोट आतल्या बाजूला लावायचं नाही, ओला थर साईसारखा मऊ असतो. मग दोरीवर कपड्याच्या चिमट्यानं एका टोकाला लटकवायची, खालच्या टोकाला दुसरा चिमटा, वजनाला. प्यायच्या पाण्याची मारामार आणि मी निगेटिव्ह धुतोय. घरचे बोलले बरंच. पण दोनशेवर पट्ट्या वाचल्या.

काकू (बी-१०२): आमची हार्ड डिस्क होती, खालच्या खोलीत. मुलाच्या बारशापासून दहावीपर्यंतचे सगळे फोटो तीत. दुरुस्तीला नेली, दोन ठिकाणी नाही म्हणाले. कधी कधी रात्री आठवतं मला ते.

वहिनी (सी-२०३): काकू 😔

सर (ए-२०२): हेच मला कळत नाही. निगेटिव्ह धुता येतं. डिजिटलमध्ये धुवायला काय असतं? फोटो असतो कुठं?

फोटो दादा (सी-१०१): सर, नीट लिहितो, वेळ लागेल.

फोटो दादा (सी-१०१): डिजिटलला धुणं नाही, म्हणून आधीच प्रती करून ठेवायच्या. एकूण तीन. एक कॉम्प्युटरवर, एक घरातल्या वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी कृष्णेच्या पाण्यापासून लांब. तुमची लेक पुण्यात आहे, तिच्याकडं एक डिस्क. दर दिवाळीला नवी न्यायची, जुनी आणायची. कार्डवरचे फोटो दोन ठिकाणी उतरल्याशिवाय कार्ड फॉर्मॅट करायचं नाही, आणि करायचं ते कॅमेऱ्यातच करायचं. प्रत करणं हे आता रोल धुण्यासारखंच कामाचा भाग आहे.

दुसरं, आणि हे माझ्या अंगावर आलेलं म्हणून सांगतो. मी २००६ ला लग्नाचं काम डिजिटलवर नेलं. तोवर रोल वापरायचो आणि सवय होती एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्यायची, सावल्यांत तपशील येतो म्हणून. निगेटिव्ह ते पोटात घेतं. पहिलंच लग्न, भर दुपार, मांडवाच्या कडेला नवरदेवाचे आजोबा बसलेले. खादीचा सदरा, टोपी, कडक इस्त्री. तसाच जास्त उजेड देऊन काढला. घरी येऊन बघतो तर टोपी नाही. टोपीच्या जागी नुसतं पांढरं भोक, शिवण नाही, घडी नाही, कपाळाचा वरचा भाग पण त्यातच गेलेला. कॉम्प्युटरवर किती अंधार केला तरी तिथं राखाडी पट्टा यायचा, टोपी यायची नाही. आजोबा पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या घरात तो फोटो लावलेला मी बघितलाय, अजून मान वर होत नाही माझी.

म्हणून सर, सवय उलटी करायला लागेल. फिल्मवर सावली सांभाळत होता, डिजिटलवर उजेड सांभाळायचा. पांढरं जिथं संपतं तिथं बघून एक्स्पोजर ठरवायचं, सावली नंतर वर उचलता येते. मागच्या पडद्यावर हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख लावा, डोंगर उजव्या भिंतीला चिकटला की कमी करा. जास्त उजळलेला भाग लुकलुकायची सोय आहे ती पण चालू ठेवा. आणि काढायचं ते रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये.

सर (ए-२०२): स्लाइड फिल्मसारखंच की मग हे. स्लाइडला उजेड जास्त झाला की संपलं.

फोटो दादा (सी-१०१): अगदी तसंच. तुम्ही स्लाइड काढल्यात म्हणजे तुम्हाला शिकवायचं काही राहिलं नाही.

भाऊ (बी-४०१): हे मला पण माहीत नव्हतं. मी सगळं ऑटोवर.

फोटो दादा (सी-१०१): अजून एक राहिलं. हळदीच्या यार्डात किंवा पेवावर लेन्स बदलायची नाही. फिल्मला धूळ लागली तर एक फ्रेम जाते, पुढची फ्रेम कोरी येते. सेन्सर एकच असतो, त्यावर कण बसला की तो रोजच्या फोटोत. एफ/१६ ला आभाळात काळा ठिपका दिसायला लागतो. घरनंच २८ लावून निघायचं. आणि जादा बॅटरी खिशात. एफएम२ चं शटर बॅटरी नसली तरी चालतं, फक्त मीटर जातं. डिजिटलचं सगळंच बंद पडतं.

काकू (बी-१०२): दादा, सरांच्या त्या वाचलेल्या पट्ट्यांचं काही होतं का? आणि माझ्या वडिलांचे १२० च्या रोलचे निगेटिव्ह आहेत, अगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याचे. डब्यात पडून आहेत.

फोटो दादा (सी-१०१): होतं काकू, आणि सरांच्याच नव्या कॅमेऱ्यावर होतं. स्कॅनर घ्यायची गरज नाही. सर, तुमची ५५ मायक्रो हीच त्याची लेन्स. ती एकटी निम्म्या मापापर्यंत जाते, म्हणजे सेन्सरवर निगेटिव्ह अर्ध्याच मापाचं दिसेल. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये पीके-१३ रिंग घातली की एकास एक, ३५ मिमी फिल्मची चौकट अख्खा सेन्सर भरते. काकूंच्या १२० ला रिंग लागायची नाही, ते मोठंच असतं.

खालनं उजेड द्यायचा. एलईडी पॅनेल, त्यावर दुधी ॲक्रिलिक, त्यावर पट्टी. मोबाईलच्या स्क्रीनवर थेट ठेवू नका, स्क्रीनचे ठिपके फोटोत उतरतात. पट्टीच्या भोवती काळा पुठ्ठा, आजूबाजूचा उजेड आत आला नाही पाहिजे. खोलीतला दिवा बंद. कॅमेरा स्टँडवर तोंड खाली करून, काच पट्टीला समांतर. एफ/८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) झूम करून फिल्मच्या दाण्यावर फोकस करायचा. पट्टीची निस्तेज बाजू लेन्सकडं, नंतर कॉम्प्युटरवर आडवं पलटायचं. ब्लॅक अँड व्हाइट उलटवणं सोपं. रंगीतला नारिंगी मुखवटा असतो, तो काढायला जरा झगडावं लागतं, ते मी करून देतो.

सर (ए-२०२): म्हणजे जुन्या लेन्सनं जुन्या फिल्मचा फोटो, नव्या कॅमेऱ्यात.

फोटो दादा (सी-१०१): होय सर. म्हणून एकही लेन्स विकू नका. आणि एफएम२ पण राहू दे.

सेक्रेटरी: क्लब हाउसची किल्ली माझ्याकडे आहे. खिडक्यांना पडदे आहेत, अंधार होतो. रविवारी दुपारी लागली तर सांगा.

काकू (बी-१०२): मी डबा घेऊन येते. चहा पण आणते.

(तीन आठवड्यांनी)

सर (ए-२०२): डी७५० घेतला. दादानं शटर काउंट बघितला, ३१ हजार. काल रात्री पहिली पट्टी काढली. हरिपूर, १९९१. ग्रुपवर टाकतोय, पण इथं बारीक दिसतो. कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला तर आतल्या माणसाच्या पापण्यांवर हळद बसलेली दिसली. मी तीन वेळा एन्लार्ज करून घेतला होता हा फोटो, मला कधी दिसली नव्हती.

वहिनी (सी-२०३): सर, अंगावर काटा आला.

भाऊ (बी-४०१): काय फोटो आहे सर 🙏🙏

सर (ए-२०२): दादा, खालच्या बाजूला आडवी तपकिरी रेघ आहे, पुराच्या पाण्याची असणार. हातानं पुसून निघेल का?

फोटो दादा (सी-१०१): नको सर, कोरड्या कापडानं अजिबात पुसू नका, थर खरवडेल. थुंकी, स्पिरिट काही लावू नका. पट्टी तशीच पाकिटात ठेवा आणि संध्याकाळी घेऊन या, मी सातनंतर घरी आहे. आधी वरच्या रिकाम्या फ्रेमवर बघू काय होतंय ते.