ल्युपिनची पानं पिवळी पडताहेत, खत देऊ का?

अंगणवेडी: बियांपासून केलेली ल्युपिनची रोपं वीतभर झालीत, अजून कुंडीतच आहेत. नवीन पानं पिवळट निघताहेत, शिरा मात्र हिरव्यागार. तुऱ्याचा तर पत्ताच नाही. कुंपणालगत नुसत्या जांभळ्या तुऱ्यांची रांग करायची फार हौस आहे. खत घालू का? आणि आता जमिनीत लावली तर जगतील ना?

हिरवा_कोपरा: नत्र कमी पडत असेल. पाण्यातून थोडा युरिया देऊन बघा.

सोटमूळ: ताई, युरिया अजिबात नको! ल्युपिन शेंगवर्गातलं. मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र त्याला मिळवून देतात. वरून आणखी दिला की पाला माजतो आणि फुलं कमी येतात. शिवाय नत्र कमी पडला की आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात. तुमची नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे बहुतेक लोह मिळत नाहीये. माती किंवा पाणी चुनखडीचं असलं की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. तुमच्या किटलीत पांढरा थर बसतो का? बसत असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी घाला. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लता मोजायचं माप) ७ च्या खाली असलेला या झाडाला मानवतो. पाणी साचून राहिलं तरी पानं पिवळी पडतात, तेव्हा निचराही बघून घ्या.

पहिल्या वर्षी तुरा नाही आला तर काळजी करू नका, बियांपासूनची रोपं बरेचदा दुसऱ्या वर्षीच फुलतात. रंगाचं मात्र आधीच सांगते. इंग्लंडमधल्या यॉर्कचे माळी जॉर्ज रसेल यांनी वर्षानुवर्षं निवड करून जे रंगीत ल्युपिन १९३७ साली लोकांपुढे आणले, त्या संकरित जातींचं बी आईच्या रंगावर जाईलच असं नाही. नुसती जांभळी रांग हवी असेल तर फुललेल्यांतलं मनासारखं झाड हेरून ठेवा. पुढच्या वसंतात त्याच्या बुडाशी फुटलेले कोवळे कोंब, खोडाचा जरासा तुकडा ठेवून, कापून लावा. एवढा खटाटोप करण्यासारखं झाड आहे हे. पाऊस पडून गेल्यावर पंजासारख्या पानाच्या मधोमध एकच टपोरा थेंब थांबलेला असतो, तो जरूर बघा.

अंगणवेडी: किटलीत थर बसतो, चांगला जाड! आणि एका कुंडीच्या भोकातून पांढरं मूळ बाहेर आलंय.

बियाणेवाली: मग जमिनीत लावायला उशीर नको. कोवळ्या रोपांवर गोगलगायी तुटून पडतात, रात्री बॅटरी घेऊन वेचा. राखाडी, मेणचट मावा तुऱ्याच्या दांड्यावर दिसला की तेव्हाच बोटांनी पुसून काढा. घरात लहान मुलं असतील तर शेंगा धरू देऊ नका, बी विषारी असतं. सुकलेला तुरा वेळीच छाटला तर पुन्हा छोटे तुरेही येतात.

सोटमूळ: आणि ते बाहेर आलेलं मूळ ओढू नका हं. प्लास्टिकची कुंडी असेल तर सरळ कापा, मातीचा गड्डा न फोडता खड्ड्यात ठेवा. जागा उन्हाची आणि कायमची निवडा, सोटमूळ एकदा खोल गेलं की हे झाड पुन्हा हलवलेलं सोसत नाही.