मदत हवी आहे: दोनच सेन्सर असतील तर खोटा कोणता, हे कसं ठरतं?

नमस्कार मंडळी. विमान देखभालीच्या परीक्षेचा अभ्यास करतोय, एका जागी अडकलोय. तीन सेन्सर असतील तर बहुमताने चुकीचा बाजूला पडतो, हे कळलं. पण दोनच असतील तर?

8 जानेवारी 2016 ला ओस्लोहून ट्रोम्सोला निघालेलं सीआरजे-200 जातीचं मालवाहू विमान स्वीडनमध्ये कोसळलं. विमान सरळ उडत होतं, पण कॅप्टनच्या पडद्यावर, त्याला जोडलेल्या सेन्सरच्या चुकीमुळे, नाक वर चढताना दिसलं. त्यांनी ते खाली दाबलं. सहवैमानिकाचा पडदा बरोबर होता! कल फार वाढला की पडद्यावरची जादा माहिती आपोआप पुसली जाते, त्यातच दोन पडद्यांत तफावत आहे हे सांगणारा इशाराही गेला. जेमतेम 80 सेकंदांत सगळं संपलं, दोघेही गेले. वाचून झोप लागली नाही.

स्टँडबाय (राखीव) उपकरणाचं तिसरं मत अशा यंत्रणेत का जोडत नाहीत? प्रत्यक्ष एव्हिऑनिक्समध्ये (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांवर) काम केलेल्यांनी कृपया समजावून सांगा.