जॉर्डनला निर्वासितांच्या सेवेला दोन आठवडे जाऊ काय? (मी नर्स, बेळगाव)

कॅम्पातली_सिस्टर

नमस्कार मंडळी, मी बेळगावची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, इथल्याच एका हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला ड्युटी करते. आमच्या चर्चमधनं (मराठी उपासना असते तिथलं) एक टीम जॉर्डनला चाललीय, सिरिया आणि इराकमधनं आलेल्या निर्वासितांच्या सेवेला. खर्च ज्याचा त्याने करायचा, तिकीट व्हिसा राहणं धरून दीड लाखाच्या आसपास सांगायलेत. तू नर्स आहेस तू तर पाहिजेच असा आग्रह चाललाय. मलापण मनापासून जायचंय, खरं आई म्हणते इथल्या वड्डरवाडीतल्या म्हाताऱ्यांचं बीपी बघायला कोण नाही आणि ही निघाली वाळवंटात. आणि मीटिंगमध्ये सांगितलं की रोज फोटो आणि साक्षी (देवानं कुणाच्या आयुष्यात काय केलं त्या गोष्टी) ग्रुपवर टाकायच्या म्हणजे देणगी देणाऱ्यांना उत्साह येतो, ते ऐकून मला कसंतरीच झालं. तिथं दोन आठवड्यात नर्स काय करू शकते? कुणी तिकडं राहून आलंय काय? धर्मावरनं भांडण नको प्लीज, त्याला दुसरे धागे आहेत.

लोंढा_जंक्शन

ताई मी अम्मानला हॉटेलात होतो, किचनमध्ये, आता घरीच असतो. सुट्टीला चर्चला जायचो तिथं हे सगळं बघितलंय म्हणून लिहितो. पहिलं म्हणजे निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तंबू येतात, तसं नाही. झातारी कॅम्प २०१२ ला सुरू झाला तो मोठा आहे, खरं जॉर्डनमधले बहुतेक सिरियन कॅम्पबाहेरच राहतात, अम्मानच्या पूर्वेकडच्या वस्त्या, मफ्रक, इर्बिद, भाड्याच्या दोन खोल्यांत आठ नऊ माणसं. कॅम्पात शिरायला सरकारी परवानगी लागते, टीम आली म्हणून कोण गेट उघडत नाही. २०२४ च्या डिसेंबरात सिरियातलं असदचं सरकार पडलं तेव्हापासून बरेच लोक परत गेलेत, तरी ज्यांचं घरच राहिलं नाही ते कुठं जाणार.

इराकवाले वेगळे. २०१४ ला आयसिसनी मोसुल घेतलं तेव्हा तिथले ख्रिस्ती पळून आले, अम्मानच्या चर्चनी हॉलमध्ये गाद्या टाकून ठेवलं त्यांना. त्यातले कितीतरी ऑस्ट्रेलिया कॅनडाच्या कागदांची वाट बघत वर्षानुवर्षं बसून, काम करायची परवानगी नाही, पोरांची शाळा अर्धवट.

आता तुमच्या प्रश्नावर. तिथलं रजिस्ट्रेशन नसताना तुम्हाला इंजेक्शन सोडा, ड्रेसिंगसुद्धा कुणी करू देणार नाही, आणि ते बरोबरच आहे, उद्या जॉर्डनची नर्स आपल्या वॉर्डात येऊन सलाईन लावायला लागली तर चालेल काय? टीमा येतात त्या काय करतात तर घरभेटी. राशनची पिशवी घेऊन जायचं, ते लोक गरीब असले तरी चहा कॉफी केल्याशिवाय सोडत नाहीत, मग दुभाषाकडून विचारायचं तुमचं काय झालं, नवरा कुठं गेला, भाऊ कसा मेला. एक बाई होती तिला मी ओळखायचो, तिनं तीच गोष्ट इतक्या टीमांना सांगितली होती की शेवटी बोलताना चेहऱ्यावर काही हलायचं नाही. टीमवाले मात्र रडायचे. मला ते बघवायचं नाही ओ.

काम कोण करतं तर तिथलेच चर्चवाले, अरबी बोलणारे, पोरांना शिकवणं, बाळंतिणीला दवाखान्यात नेणं, घरमालकाशी भांडणं. बाहेरचा माणूस उपयोगी पडतो तो वर्षभर राहिला आणि भाषा शिकला तर.

निपाणीकर_७७

मी चर्चवाला नाही, हिंदूच आहे, भांडायलापण आलो नाही. एकच विचारतो, पिशवीत राशनबरोबर पुस्तक असणार की नाही? ज्याच्या घरात पीठ नाही त्याला पीठ दाखवून देवाचं सांगणं मला पटत नाही, मग देव कुणाचाही असो. आणि दुसरं, निर्वासितांसाठी जॉर्डन कशाला गाठायचं? हुबळीच्या पुढं मुंडगोड आहे की. १९६६ पासून तिबेटी लोक तिथं आहेत, आपण थंडीत त्यांच्याकडनं स्वेटर घेतो आणि भाव पाडून घेतो, त्यांच्याकडं दवाखाना कसा चाललाय ते कधी विचारलंय कुणी? विमानाशिवाय सेवा होत नाही असं झालंय.

कॅम्पातली_सिस्टर

@निपाणीकर प्रश्न बरोबर आहे, मी विचारलं होतं. टीमलीडर म्हणाले प्रेमानं द्यायचं, मग कुणी विचारलं तर सांगायचं. "मग"चा अर्थ प्रत्येकजण आपापला काढायला लागला.

सीमाभागी

सांबऱ्यावरनं (आपल्या बेळगावच्या विमानतळावरनं) अम्मानला डायरेक्ट फ्लाईट सुरू झाली काय 😄 (सॉरी, चालू दे)

मिरज_रिटायर्ड

बाळ, मी मिशन हॉस्पिटलात सगळी नोकरी काढली, आता चिकोडीला मुलाकडं असतो. सावकाश टाईप करतो, सांभाळून घ्या.

निपाणीकरांनी विचारलं त्याचं उत्तर मदत करणाऱ्या संस्थांनीच लिहून ठेवलंय. १९९४ साली रेडक्रॉस आणि बाकीच्या मोठ्या संस्थांनी मिळून आचारसंहिता केली, त्यात चर्चच्यापण संस्था आहेत. मदत गरज बघून द्यायची, जात धर्म देश बघून नाही, आणि मदतीचा वापर धर्म किंवा राजकारण पुढं सरकवायला करायचा नाही. टीमलीडरला विचार की आपली संस्था हे मानते काय. हो म्हणाले तर पिशवीत पुस्तक ठेवायचा प्रश्नच मिटला. नाही म्हणाले किंवा विषय बदलला तर तुला कळेलच. जॉर्डनमध्ये मुसलमानांना धर्मप्रचार करायला बंदी आहे हेपण लक्षात ठेव, तुला फारतर परत पाठवतील, भोगावं लागेल तिथल्या चर्चला, तिच्या दारात येणाऱ्यांना.

आपल्याकडं मिशनरींनी दवाखान्याबरोबर प्रचार केला नाही असं मी म्हणणार नाही, केला, भरपूर केला. खरं मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांचं बघ. १८८९ ला भारतात आले, १८९४ ला मिरजेचं हॉस्पिटल उभं केलं, आणि जवळपास चाळीस वर्षं राहिले. त्यांच्याशी वाद घालायला लोकांना तेवढी वर्षं मिळाली, हिशोब विचारायला मिळाला. दोन आठवड्यांच्या माणसाला कोण काय विचारणार.

फोटोचं तुला कसंतरी वाटलं ते योग्यच वाटलं. वॉर्डात पेशंटचा फोटो काढून नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकशील काय? इथं तर त्याहून वाईट आहे, ज्यांच्यापासून माणूस पळाला ते लोकपण मोबाईल बघतात. त्याचे आईबाप, भाऊ मागं गावात असतात. आणि कुणी येशूबद्दल दोन शब्द बरे बोलला आणि ते साक्ष म्हणून नावानिशी फिरलं तर शेजारपाजारचे, त्याचे स्वतःचे भाऊच त्याच्यावर उठतील. परवानगी घेतली होती म्हणतात, अरे पिठाची पिशवी हातात घेतलेला माणूस नाही कसा म्हणेल?

मुंडगोडचं म्हणशील तर तिथं ड्रेपुंग, गादेन हे मोठे मठ आहेत, त्यांची त्यांची व्यवस्था आहे, तिथं कुणी आपली वाट बघत बसलेलं नाही. जायचं तर त्यांच्या दवाखान्याला आधी पत्र लिही, नर्स आहे, सुट्टीला येऊ काय म्हणून. तिबेटी वस्त्यांत टीबीचा त्रास जुना आहे, वॉर्डात काम केलेली नर्स त्यांना उपयोगी पडेल. प्रार्थना घरी येऊन कर.

आणि परकी माणसं सांभाळायची सवय आपल्या भागाला नवी नाही. कोल्हापूरशेजारी वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलंडची पाचेक हजार माणसं होती, बायका पोरंच जास्त. ती गेल्यावर फाळणीतले सिंधी तिथंच आले, आजचं गांधीनगर ते. साड्या आणायला जातो आपण.

लोंढा_जंक्शन

काकांचं बरोबर. पैशाचं सांगायचं राहिलं. दीड लाख जर अम्मानच्या चर्चलाच पाठवायचे असतील तर बँकेतनं पाठवता येतात. लोक एफसीआरए एफसीआरए करतात, तो कायदा बाहेरनं येणाऱ्या पैशाला आहे, जाणाऱ्याला एलआरएसचा (परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेचा) फॉर्म. ८०जी ची सूट (देणगीवरची इन्कम टॅक्सची) मात्र मिळत नाही. एवढ्या पैशात तिकडं एका कुटुंबाचं कितीतरी महिन्यांचं भाडं निघतं.

आणि नोकरी म्हणूनच जायचा विचार केलात तर एजंटला पैसे देऊ नका. जॉर्डन ईसीआर देशांच्या (जिथं नोकरीला जायला काहींना सरकारी क्लिअरन्स लागतो त्या) यादीत आहे आणि २०१५ पासून नर्सना अशा देशात नोकरीला जायला सरकारच्या इमायग्रेट पोर्टलवरनं क्लिअरन्स लागतो, पासपोर्टवर ईसीएनआर (क्लिअरन्स नको असा प्रकार) असला तरी.

कॅम्पातली_सिस्टर

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. काल लीडरना आचारसंहितेचं आणि फोटोचं विचारलं. फोटोला म्हणाले चेहरे ब्लर करू. आचारसंहितेचं बघून सांगतो म्हणाले, अजून सांगितलं नाही. तोपर्यंत पैसे भरत नाही असं कळवलंय, दोघी तिघी रुसल्यात. मुंडगोडच्या दवाखान्याचा पत्ता शोधला, पत्र इंग्लिशमध्ये लिहायचं की कन्नडमध्ये?

@लोंढा अरबी शिकायला बेळगावात कुणी आहे काय, मदरशाबाहेर, नोकरी सांभाळून?

लोंढा_जंक्शन

मदरशाबाहेर कशाला, आपल्या बेळगावच्या कॅम्प भागातच एक रिटायर्ड उर्दूचे सर आहेत, सौदीला बरीच वर्षं काढलेले, बोलायचं अरबी छान शिकवतात. मेसेज करा, नंबर त्यांना विचारून देतो. पत्र इंग्लिशमध्येच लिहा.