इलेक्ट्रिक शॉवर बसवताना काय काय बघावं? अनुभव धागा

पाणी वाहतं तसं तापवणाऱ्या, भिंतीवरच्या शॉवर युनिटबद्दल बोलू. साठवणीचा गीझर इथे नको. ज्यांनी हाताने बसवलेत त्यांनी नेमकं लिहा.

*

आधी वायरिंग, मग टाइलला भोक. ९ किलोवॅटचं युनिट २३० व्होल्टला ३९ अँपिअर खेचतं. गीझरच्या जुन्या पॉइंटवर ते चालत नाही. मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन, साधारण १० स्क्वेअर एमएम तांब्याची, योग्य एमसीबी (करंट जादा झाला की लाइन तोडतो), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडतो) आणि डबल पोल स्विच (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा). अर्थिंग नसेल तर काम थांबवा. ही लाइन परवानाधारक वायरमननेच ओढावी.

*

युनिट जळतं ते बहुतेकदा टर्मिनलपाशी. स्क्रू वायरच्या तांब्याऐवजी इन्सुलेशनवर बसला, की जोड तापतो आणि प्लास्टिक वितळतं. आवळल्यावर वायर ओढून बघा.

*

टाकीवरून पाणी घेणाऱ्यांनी प्रेशर तपासा. टाकी शॉवरपेक्षा १० मीटर उंचावर असेल तर जेमतेम १ बार मिळतो, मीटरभर उंचीवर ०.१ बार. प्रेशर कमी असेल तर आतला स्विच कॉइल चालूच करत नाही, आणि लोक युनिट खराब म्हणून परत करतात!

*

पाईप जोडण्याआधी बादलीभर पाणी सोडून द्या. नाहीतर प्लंबिंगचा कचरा थेट युनिटच्या जाळीत अडकतो. बंद करायचा कॉक युनिटच्या आधी हवा, नंतर कधीच नाही. पुढची वाट बंद झाली की आतलं प्रेशर वाढतं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. होज मुडपला तरी तेच.

*

टाइलवर मास्किंग टेप, ड्रिलचा हॅमर मोड बंद. टाइल पार झाली की मगच हॅमर. सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी भरा, खालची कड मोकळी सोडा. आत गळती झाली तर तिथूनच कळते.

*

पहिल्यांदा चालवताना बटण थंडावर ठेवून पाणी सोडा. फसफस थांबून धार एकसंध झाली की मग गरम. कोरडी कॉइल क्षणात जाते.

*

आणि अपेक्षा बेताची ठेवा. ९ किलोवॅटमध्ये २० अंशांचं पाणी ४० वर न्यायचं तर मिनिटाला साडेसहा लिटरच्या आसपास मिळतं, १० अंशांचं असेल तर सव्वाचार. क्षाराचं पाणी असेल तर शॉवरची चाळणी व्हिनेगरमध्ये भिजवत जा. भोकं बुजली की प्रवाह घटतो, पाणी जास्त तापतं आणि थर्मल कटआउट (जास्त तापलं की वीज तोडणारा स्विच) युनिट मध्येच बंद करतो.