१९७७ : काँग्रेस दिल्लीत हरली, तेव्हा तुमच्या घरी काय चाललं होतं?

काँग्रेस दिल्लीत हरू शकते असं मार्च १९७७ पर्यंत आपल्यापैकी कितीजणांना खरंच वाटत होतं? राज्यांत ती हरली होती. १९६७ ला उत्तरेत संविदची (संयुक्त विधायक दल, म्हणजे विरोधकांच्या आघाड्यांची) सरकारं आली आणि गेलीही. केंद्राची गोष्ट मात्र वेगळी होती. स्वातंत्र्यापासून तीस वर्षं तिथे दुसरं कोणी बसलेलं आम्ही पाहिलंच नव्हतं, आणि 'सरकार' व 'काँग्रेस' हे शब्द घराघरांत एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जायचे.

१८ जानेवारी १९७७ ला इंदिराबाईंनी निवडणूक जाहीर केली. २३ तारखेला जनता पक्ष उभा राहिला, आणि मतदान झालं १६ ते २० मार्चला. एवढ्या अवधीत आदल्या वेळी ३५२ जागा जिंकलेला पक्ष १५४ वर आला. उत्तर प्रदेशात ८५ पैकी शून्य, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य. आकडे कुठेही मिळतात. धागा आकड्यांसाठी नाही. त्या दिवसांत तुम्ही किंवा तुमच्या आईवडिलांनी काय पाहिलं, काय ऐकलं, कोणाला मत दिलं ते लिहा. ऐकीव असेल तर तसं सांगा. आजच्या पक्षांची भांडणं कृपया इथे आणू नका, त्यासाठी जागा भरपूर आहेत.

सुरुवात मी करतो. आम्ही पुण्यात, मी शाळकरी. जाहीर सभेत टाळ्या वाजवायलाही लोक कचरतात, हे आणीबाणीत पाहिलेलं. फेब्रुवारीत पुलंची प्रचारसभा झाली तेव्हा वडील मला खांद्यावर हात ठेवून घेऊन गेले. हा माणूस हसवायला येतो असा माझा समज. लोक हसलेही, पण हसता हसता मागे वळून बघत होते, साध्या वेशातला पोलीस कोण असेल म्हणून. अर्ध्या तासाने ते वळून बघणं थांबलं. सभा संपल्यावर उपरणी पसरून पैसे गोळा केले, आणि आमच्या काटकसरी वडिलांनी दहाची नोट टाकली. आमच्याकडे त्या नोटेची चर्चा निकालापेक्षा जास्त दिवस चालली. पुण्यातून मोहन धारिया निवडून आले.

निवृत्त शिक्षिका, सोलापूर जिल्हा

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत नवीन होते. नसबंदीच्या 'केसेस' आणल्याशिवाय पगार निघणार नाही, असं तोंडी सांगितलं जायचं. लेखी काहीच नसे. आमचे मुख्याध्यापक साठीला टेकलेल्या एका विधुराला घेऊन गेले होते आकडा भरायला. त्याला मुलं होणार होती कुठून! गावात जीप दिसली की पुरुष उसात जाऊन बसायचे, आणि हे नुसतं बोलायचं म्हणून सांगत नाही, रात्रीची जेवणं बायका तिकडे पोचवायच्या. शाळेत पटही घसरला, कारण मास्तर आणि बाई म्हणजे केस नेणारी माणसं. कुठलंही गाव आपल्या मास्तराला असं घाबरू नये.

महाराष्ट्राने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये विधिमंडळात मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. उत्तरेत याहून वाईट झालं हे नंतर वाचलं. देशभरात त्या एका वर्षात ऐंशी लाखांच्या वर शस्त्रक्रिया झाल्या.

मतदानाला माझी ड्यूटी दुसऱ्या गावात होती. बायकांची रांग सकाळपासून. एरवी नवऱ्याच्या मागे उभी राहणारी बाई त्या दिवशी आधी आली आणि बोटाची शाई दाखवत घरी गेली. कोणाला मत दिलं ते कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.

साखरपट्टा

वरच्या दोन्ही अनुभवांत काँग्रेस हरल्याचा आनंद आहे. आमच्या घरात सुतक होतं, तेही कुणीतरी लिहायला पाहिजे.

वडील सातारा जिल्ह्यातल्या सोसायटीचे चेअरमन. आमच्याकडे काँग्रेस म्हणजे विहिरीचं कर्ज, कारखान्याचा शेअर, धाकट्या काकाची नोकरी. इंदिराबाईंचा राग आमच्याकडेही होताच, पण तो घरातल्या थोरल्या जावेवर असावा तसा. बाहेरच्यासमोर काढायचा नाही. काँग्रेसचं चिन्ह गायवासरू, जनता पक्षाचं नांगरधारी शेतकरी. आजीला प्रचार करावाच लागला नाही. 'गायवासराला सोडून नांगराला कशाला घालू मत, आधी गाय मग नांगर,' एवढंच ती म्हणाली.

यशवंतराव साताऱ्यातून निवडून आले, म्हणून गुलाल आणला होता. पण इंदिराबाई रायबरेलीत पडल्याची बातमी आली आणि तो पुडीतच राहिला. बारामतीत संभाजीराव काकडे जनता पक्षाकडून आले, हे तर वडिलांना रायबरेलीपेक्षा जास्त लागलं. दिल्ली लांबची, बारामती शेजारची. चव्हाणसाहेब विरोधी पक्षनेते होणार हे कळल्यावर वडील म्हणाले, 'आता आपण विरोधी म्हणजे नक्की करायचं काय?' हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला होता. कुठल्या कामासाठी कोणाकडे जायचं हे त्यांना तोंडपाठ होतं, निषेध कसा करतात हे माहीत नव्हतं. पुढच्याच वर्षी पक्ष फुटला आणि आमच्या घराची दोन घरं झाली. तो वेगळा विषय.

करोलबागवाला

केंद्र सरकारच्या नोकरीत होतो, दिल्लीत. २० मार्चला संध्याकाळपासून बहादूरशाह जफर मार्गावर वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांसमोर गर्दी. फळ्यावर आघाडीचे आकडे लिहिले जात होते. याच रस्त्याची वीज २५ जून १९७५ च्या रात्री तोडली होती, म्हणजे सकाळचे अंक निघू नयेत. तिथेच आता माणसं दिव्याखाली आकडे वाचत होती.

आकाशवाणीवर गाणी चालू. रायबरेलीचं नाव नाही. बीबीसी ऐकणारा एखादा ट्रान्झिस्टर कानाला लावून उभा असे आणि त्याच्याभोवती वीस-पंचवीस माणसं. अमेठीत संजय मागे, ही बातमी आधी पसरली, तिच्यावर लोकांनी विश्वास ठेवला. बाई मागे आहेत यावर मात्र कोणी विश्वास ठेवेना. शेजारचा सरदारजी म्हणाला, ही अफवा पोलिसांनीच सोडली असणार, नाचायला लागलो की उचलतील. आणीबाणी अजून उठलेली नव्हती, हे विसरू नका. ती उठली दुसऱ्या दिवशी, २१ ला. मध्यरात्रीनंतर रायबरेली पक्की झाली. राजनारायण ५५ हजारांवर मतांनी. मग जे ढोल वाजले ते उजाडेपर्यंत. मिठाईवाल्याने पैसे घेतले नाहीत.

आमच्या ऑफिसातल्या वरिष्ठाने सोमवारी भिंतीवरचा इंदिराबाईंच्या वीस कलमी कार्यक्रमाचा तक्ता स्वतः उतरवला. त्यानेच तो लावून घेतला होता. खिळा तसाच ठेवला. नोकरशाहीबद्दल मला पुढे जे काही कळलं, त्यातलं बरंचसं त्या खिळ्यावरून.

गोरेगाव पूर्व

'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.' ही घोषणा आमच्या चाळीत चार वर्षांच्या पोरांना पाठ होती. पाणीवाली बाई म्हणजे मृणालताई गोरे. त्यांना मुंबई उत्तरमधून पाठवलं आम्ही. हंडा मोर्चातल्या सगळ्या बायका पोलिंग एजंट! मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसने घालवल्या. कायदामंत्री गोखले जेठमलानींकडून पडले, दुसरीकडे अहिल्याताई रांगणेकर आल्या. आईला लाटणं मोर्चा आठवला की अजून जोर येतो, वय नव्वदीकडे.

मराठवाडा

मी थोडा बेसूर लावतो.

वडील भूमिहीन शेतमजूर, परभणीकडचे. आणीबाणीत आमच्या वस्तीवर पोलीस आले नाहीत असं नाही, पण सावकारही आला नाही. गरिबांच्या कर्जाची वसुली थांबवली होती, वेठबिगारीवर बंदी आली होती. अंमलबजावणी किती झाली तो भाग सोडा. सावकार दारात ओरडत नाही, एवढं वडिलांना पुरेसं होतं. त्यांनी गायवासरावर शिक्का मारला. दलितांचे मोठे नेते जगजीवनराम फेब्रुवारीत काँग्रेसमधून बाहेर पडले तेव्हा वस्तीत दोन तट झाले खरे, पण वडील म्हणाले, बाबूजी मोठे माणूस आहेत, त्यांना कुठेही खुर्ची मिळेल.

निकालानंतर गावात मिरवणूक निघाली, दुसरं स्वातंत्र्य आलं म्हणून. आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन ती वळली. पुढच्याच वर्षी, जुलै १९७८ मध्ये, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आमची घरं जळली. पेटवणाऱ्यांत मिरवणुकीतले चेहरे होते. म्हणून म्हणतो, हुकूमशाही गेली हे खरं, मीही आज त्या बाजूनेच बोलतो, पण कोणाच्या दारातून ती गेली हे विचारलं पाहिजे. आमच्या दारात तिचं वेगळंच रूप होतं, आणि ते १९७५ ला आलं नव्हतं, तसंच १९७७ ला गेलंही नाही.

धागाकर्ता

वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. यावर वाद घालायचा असेल तर आधी अनुभव लिहा, मग वाद.

हैदराबादहून

आमच्याकडे काहीच झालं नाही हो. आंध्रात काँग्रेसला ४२ पैकी ४१. निजामाबादचे मराठी नातेवाईक पेढे कसले वाटताय म्हणून पत्रातून विचारत होते. कर्नाटकातही २८ पैकी २६. 'देशाने इंदिराबाईंना नाकारलं' हे वाक्य वाचलं की मला नेहमी विचारावंसं वाटतं, कुठल्या देशाने? नसबंदीची सक्ती जिथे फार झाली नाही, तिथे मतंही फार हलली नाहीत. महाराष्ट्र मधोमध. ४८ पैकी २० काँग्रेस, १९७१ ला ४५ पैकी ४२ होत्या. तुमच्याकडेही नागपूर-अकोला त्यांनी राखलंच की.

पेडणे

गोंयात आमची भानगड वेगळी. आमचा 'कायमचा सत्ताधारी' म्हणजे मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष), १९६३ पासून. दिल्लीत काँग्रेस पडली तरी पणजीत मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरच. आम्हाला आमचा धक्का बसायला १९८० उजाडावं लागलं.

मिसाबंदीची मुलगी

बाबा समाजवादी, राष्ट्र सेवा दलातले. जुलै ७५ ला पहाटे 'मिसा'खाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबण्याच्या कायद्याखाली, नेलं. घरातली पुस्तकं पोलिसांनी पोत्यात भरली, त्यात आईचं पाककृतींचं एक होतं, लाल कव्हराचं. बहुधा रंगामुळेच गेलं. शेजाऱ्यांनी येणं बंद केलं, त्यांना दोष नाही देत. पिठाची गिरणीवाला मात्र दळणाचे पैसे घेईना. तो संघाचा होता, बाबांशी त्याचं आयुष्यात पटलं नव्हतं.

तुरुंगातही तसंच झालं असणार. एका बराकीत संघवाले, समाजवादी, एखादा कम्युनिस्ट. बाबा सांगायचे, पहिले काही आठवडे पंगती वेगळ्या, मग कंटाळून एकत्र. सुटण्यासाठी लिहून द्यावं की नाही यावर तिथे रात्ररात्र वाद चालत. ज्यांनी लिहून दिलं त्यांची नावं बाबांनी शेवटपर्यंत सांगितली नाहीत. त्यांच्याकडेही घरी लहान मुलं होती, एवढंच म्हणत.

निवडणूक जाहीर झाल्यावर सुटले. इतके वाळले होते की धाकटा भाऊ त्यांच्याजवळ जाईना. लगेच प्रचाराला. निकालाच्या रात्री घरात माणसं मावत नव्हती, जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातून मुझफ्फरपूर जिंकले, मधू लिमये बांक्यातून आले, प्रत्येक नावाला टाळ्या. आई स्वयंपाकघरात चहा करत होती. तिने मला हळूच विचारलं, 'आता हे परत पकडून नेणार नाहीत ना?' तिच्यासाठी निवडणुकीचा निकाल तेवढाच होता.

१९७९ ला दुहेरी सदस्यत्वावरून, म्हणजे जनता पक्षात राहून संघातही राहता येईल का यावरून, पक्ष फुटला. बाबा आणि गिरणीवाला पुन्हा एकमेकांशी बोलेनासे झाले. दळणाचे पैसे त्याने मात्र घेतले नाहीतच.

जन्म मार्च ७७

माझं नाव जयप्रकाश. बाकी काही सांगायला नको. वर्गात आम्ही तीन होतो.

मतमोजणी कारकून (निवृत्त)

मोजणीचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आता यंत्राचं बटण दाबलं की आकडा. तेव्हा मतपत्रिका उलगडायच्या, शिक्का बघायचा, पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधायचे. हवेला पंखा लावता येत नसे, कागद उडतात. दोन चिन्हांच्या मधोमध शिक्का पडला की दोन्ही एजंट ओरडणार. त्या वेळी चक्रातला नांगरधारी शेतकरी हे लोकदलाचं चिन्ह जनता पक्षाने घेतलं होतं. लोकांना ते ओळखता येईल की नाही याचीच त्यांच्या कार्यकर्त्यांना धास्ती होती. ओळखलं. काही मतपत्रिकांवर तर शेतकऱ्यावर दोन-दोन, तीन-तीन शिक्के. रागाने मारलेले असावेत, कागद फाटला होता. एकाच चौकटीत असतील तर मत धरायचं की नाही यावर साहेबांनी नियमपुस्तक तीनदा उघडलं, शेवटी धरलं.

दुपारपर्यंत काँग्रेसचे एजंट डबा खात बसले होते, निवांत. चारच्या सुमाराला त्यातला एक गठ्ठे बोटाने मोजू लागला.

कोणीतरी १९८० चं विचारलंय व्यक्तिगत निरोपात, इथेच सांगतो. जानेवारी ८० लाही मी त्याच कामावर, त्याच गोदामात. देशात ३५३ जागा, राज्यात ३९. बाईंच्या पक्षाचं चिन्ह तोवर हाताचा पंजा झालं होतं, आणि मतदान केंद्रांवरून आलेल्या मंडळींनी सांगितलं की म्हाताऱ्या बायका आत जाऊन बाहेर यायच्या आणि विचारायच्या, 'गाय कुठं गेली?'