फ्रेंच आरमारी तोफांचे शब्द : ओब्यू, गार्गूस, आफ्यू, तुरेल

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रेंच युद्धनौकांवर एक लेख मराठीत आणतोय. ओब्यू, गार्गूस, दुय या तिन्हींना सरळ ‘दारूगोळा’ म्हटलं तर चालेल का? आणि तुरेल म्हणजे बुरूजच ना?

उत्तर : नाही चालणार, कारण या शब्दांमध्येच तोफ कशी भरतात ते सांगितलेलं असतं. ओब्यू म्हणजे पोकळ, आत स्फोटक भरलेला गोळा. जुन्या शिडाच्या जहाजांवरचा भरीव लोखंडी गोळा म्हणजे बुले. मराठीत दोन्ही ‘गोळा’च, पण १८२० च्या दशकात पेक्साँ या फ्रेंच अधिकाऱ्याने सरळ मारा करणाऱ्या जहाजी तोफेतून फुटणारे गोळे डागायची पद्धत आणली आणि लाकडी जहाजांचे दिवस भरले, त्यामुळे हा फरक पुसू नका. ‘भरीव गोळा’ आणि ‘स्फोटक गोळा’ लिहा, वाचकाला लगेच कळतं.

गार्गूस म्हणजे प्रणोदक (गोळा पुढे ढकलणाऱ्या) दारूची कापडी पिशवी, ती गोळ्याच्या मागून वेगळी भरतात. दुय म्हणजे पितळी कवच. बार उडाला की हे पितळ फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसतं आणि गॅस मागे येत नाही. पिशवीला ते जमत नाही, म्हणून तिथे तोफेच्या मागच्या झडपेलाच (क्युलास) दाबाने पसरणारी गादी लावावी लागते, द बांज या फ्रेंच कर्नलची ती रचना पुढे इतर देशांनीही उचलली. म्हणून ‘काडतूस’ हा शब्द फक्त दुय असलेल्या बारालाच द्या, रिशल्यू या फ्रेंच युद्धनौकेच्या ३८० मिमी तोफांना नको, तिथे गोळाच ८८४ किलोचा आणि मागे दारूच्या पिशव्या. (काडतूस पोर्तुगीज कार्तुशूवरून आलंय, म्हणजे फ्रेंच कार्तूशचं भावंडच.)

दुसरा एक : पण आफ्यूला ‘तोफगाडा’ म्हणायला काय हरकत आहे, कोशात तेच दिलेलं असतं.

उत्तर : अठराव्या शतकातल्या जहाजाबद्दल लिहीत असाल तर अगदी बरोबर, तेव्हा खरंच लाकडी चाकांचा गाडाच असायचा. १९३० च्या जहाजावर चाकं कुठली, तिथे ‘बैठक’ म्हणा, एकेरी बैठक, दुहेरी बैठक असं.

आता बुरूज. बुरूज कधी फिरत नाही, आणि फ्रेंच जहाजावर जे फिरत नाही ते म्हणजे बार्बेत, डेकमधून खाली उतरलेलं जाड चिलखती वर्तुळ. त्याच्यावर फिरते ती तुरेल. माझं मत असं की बुरूज हा शब्द बार्बेतसाठी राखून ठेवावा आणि तुरेलला ‘टरेट’च लिहावं, लोक तेच बोलतात. मोगादोर वर्गाच्या विनाशिकांवर १३८.६ मिमीच्या जोडतोफा होत्या, त्यांना फ्रेंच लोक ‘प्सूदो-तुरेल’ म्हणायचे, बाहेरून टरेटसारखं दिसणारं पण पूर्ण चिलखती टरेट नव्हे, मग तिथे ‘अर्ध-टरेट’ लिहाल तर घोळ होईल कारण दमी-तुरेल (शब्दशः अर्धी तुरेल) ही वेगळीच गोष्ट. डंकर्क या युद्धनौकेवर ३३० मिमीच्या आठ तोफा, प्रत्येकी चार तोफांच्या दोन टरेटमध्ये, दोन्ही टरेट पुढच्या बाजूला, आणि प्रत्येकाच्या मधोमध चिलखती भिंत घालून दोन दमी-तुरेल केलेले. ३ जुलै १९४० ला अल्जीरियातल्या मेर्स-एल-केबीर बंदरात ब्रिटिश गोळा तिच्या दुसऱ्या टरेटच्या छतावर बसला, उजव्या अर्ध्यातले लोक गेले, पण भिंतीमुळे डावा अर्धा चालू राहिला. ‘अर्ध-टरेट’ हा शब्द याच्यासाठीच हवा, मोगादोरला ‘टरेटसदृश बैठक’ म्हणा.

आकड्यांचं पण बघा : ‘३३०/५० मॉडेल १९३१’ यातलं ३३० म्हणजे नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये, ५० म्हणजे नळीची लांबी त्या व्यासाच्या पन्नास पट, साधारण साडेसोळा मीटर. आणि १९३१ हे तोफेच्या आराखड्याचं साल, जहाजाचं नाही, डंकर्कची बांधणीच १९३२ च्या शेवटी सुरू झाली.

प्रश्न : आणि गोळ्याच्या नावात शेवटी ‘के’ (K) हे अक्षर येतं ते?

उत्तर : ते रंगाचं. गोळ्याच्या टोकात रंगाची पूड असते, पाण्यात पडला की उसळणारा फवारा रंगीत दिसतो, म्हणजे दोन जहाजं एकाच लक्ष्यावर मारत असली तरी आपला गोळा कुठे पडला ते ओळखता येतं. ‘रंगखूण गोळा’ लिहा.