अँटलर ४: ‘=’ नंतरचा मोकळा मजकूर ग्रामरमध्ये कसा बसवायचा?

नमस्कार. यंत्रांच्या सेटिंग्जच्या जुन्या टेक्स्ट फाइल्स वाचण्यासाठी अँटलर ४ मध्ये (मजकुराच्या रचनेचे नियम, म्हणजे ग्रामर, दिले की तो वाचणारा प्रोग्राम बनवून देणारं साधन) ग्रामर लिहितोय आणि एका जागी अडकलोय. फाइलचा नमुना:

# मुख्य संच
विभाग पंप
नाव = मुख्य पंप
टीप = दाब = ४ च्या खाली गेल्यास
    समाप्त न करता थांबा # आधी विचारा
समाप्त

विभागात विभाग असू शकतो. पहिल्या = पासून ओळ संपेपर्यंत जे येईल ती किंमत. त्यात पुन्हा = आलं, # आलं, अगदी ‘समाप्त’ आलं तरी तो मजकूरच. पुढची ओळ रिकाम्या जागेने सुरू झाली तर तीही त्याच किमतीचा भाग. एरवी # पासून पुढे कॉमेंट.

‘ओळ संपेपर्यंत काहीही’ असं टोकन (मजकुराचा एक तुकडा) लिहिलं की ते सगळी ओळच गिळतं, ‘नाव’ आणि = वेगळे मिळतच नाहीत. रूल्सचा क्रम बदलूनही तेच. ते टोकन काढून पार्सरमध्ये (टोकन्सची रचना ओळखणाऱ्या भागात) शब्दाला शब्द जोडला, तर किमतीतल्या ‘समाप्त’ने विभाग मध्येच बंद होतो.

शिवाय ‘टीप’ हा शब्द ट वरच तुटतो आणि वेलांटीवर एरर येते.

ओळी तोडून रेजेक्स (मजकुराचा साचा शोधणारं सूत्र) लावायचं नाहीये. एकात एक विभाग आहेत, चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगायचंय, आणि किंमत बदलून फाइल परत लिहिताना कॉमेंट्स जशाच्या तशा राहायला हव्यात. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १

पार्सरला पुढे काय हवंय हे अँटलरचा लेक्सर (मजकुराचे टोकन्स पाडणारा भाग) बघत नाही. त्या जागी जे रूल सर्वांत लांब मजकूर पकडेल ते जिंकतं. क्रम फक्त लांबी सारखी असेल तेव्हाच मोजला जातो, म्हणून तुमच्या अदलाबदलीने काही झालं नाही. (‘विभाग’, ‘समाप्त’ मात्र नावाच्या रूलच्या वर हवेत. तिथे लांबी सारखीच असते.)

यावर उपाय लेक्सर मोड, म्हणजे लेक्सरच्या रूल्सचा वेगळा संच. = दिसलं की ‘किंमत’ मोड पुश (चालू) करा. त्या मोडमध्ये तीनच रूल्स: ओळीचा शेवट सोडून काहीही, नवी ओळ आणि लगेच रिकामी जागा, नुसती नवी ओळ, जिच्यावर मोड पॉप होईल, म्हणजे आधीचा मोड परत येईल. दुसरं तिसऱ्यापेक्षा लांब असल्याने पुढे चालू राहणारी ओळ आपोआप ओळखली जाते. ज्या नियमाने अडवलं, तोच इथे उपयोगी पडतो. मोड एकत्र ग्रामरमध्ये चालत नाहीत, लेक्सर आणि पार्सरच्या फाइल्स वेगळ्या कराव्या लागतील.

प्रतिसाद २

वेलांटीबद्दल: युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही ‘अक्षर’ वर्गात नाहीत, ‘चिन्ह’ (मार्क) वर्गात आहेत. नावाच्या रूलमध्ये दोन्ही वर्ग घाला. ‘दुसर्‍या’सारख्या शब्दांत अदृश्य जोडक (झीरो-विड्थ जॉइनर) असू शकतो आणि तो या दोन्हींत येत नाही, तोही जोडा. तोच शब्द कुणी ‘ऱ’ वापरून लिहिला असेल तर दिसायला सारखा, पण तुलनेत वेगळा ठरेल. नावं जुळवण्याआधी दोन्हींचं एकच रूप करून घ्या.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार, टीप आता पूर्ण वाचली जाते! दोन शंका उरल्यात. किमतीनंतर नुसत्या स्पेसेसची ओळ आली तर? आणि कॉमेंट्स कशा टिकवायच्या?

प्रतिसाद १

ती ओळ आधी ‘पुढे चालू’ धरली जाईल आणि तिच्यानंतरच्या नव्या ओळीवर मोड पॉप होईल. म्हणून पार्सरमध्ये ‘पुढे चालू’नंतर मजकूर नसला तरी चालेल असं लिहा.

कॉमेंट्स स्किप करू नका, लपलेल्या चॅनलवर पाठवा (तिथली टोकन्स पार्सर बघत नाही, पण ती टिकून राहतात). बाहेरच्या स्पेसेसही तिथेच. स्किप केलेल्या मजकुराचं टोकनच बनत नाही, त्यामुळे टोकनस्ट्रीमरीरायटरने (टोकन्स बदलून मजकूर परत देणाऱ्या अँटलरच्या क्लासने) फाइल परत लिहिताना तो गायब होतो. चॅनलवर असलेलं सगळं जागच्या जागी राहतं आणि फक्त तुम्ही बदललेली किंमत बदलते.

शेवटच्या ‘समाप्त’नंतर बऱ्याच फाइल्समध्ये नवी ओळ नसते. पार्सरच्या रूलमध्ये तिथे ‘नवी ओळ किंवा फाइलचा शेवट’ असे दोन्ही पर्याय ठेवा.